नदीकडची बाकं

या, अशा जवळ या. ती खुर्ची शेगडीपाशी ओढून घ्या, म्हणजे मला आवाज चढवावा लागणार नाही. एक गोष्ट सांगते. सांगून झाली की तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे. घाबरू नका, लहानसंच आहे.

आमच्या कुमहेलिग या कोळशाच्या खाणीच्या गावात चॅपल एकच. खाली बाकं आणि वर तिन्ही बाजूंनी गॅलरी. उपदेशाला उभ्या राहिलेल्या पाळकाच्या उजव्या हाताला डोंगर आणि डाव्या हाताला नदी. दोन्हीकडच्या खिडक्या सारख्या, बाकं सारखी, खांबही सारखेच. अनोळखी माणसाला आत नेऊन गरकन फिरवलं, तर डोंगर कुठला नि नदी कुठली, सांगता यायचं नाही. आम्हाला मात्र झोपेतही सांगता येतं. एकोणीसशे सव्वीस साली खाणमालकांनी टाळं लावलं आणि सगळे खाणकामगार घरी बसले. पुढं पोटाला चिमटा बसायला लागला तसे काहीजण मालकाच्या अटी मान्य करून कामावर परतले. जे परतले नाहीत, ते त्यांच्या शेजारी बसेनात. मग गॅलरीत आपोआप दोन बाजू पडल्या. टिकून राहिलेले डोंगराकडे आणि फितूर नदीकडे. ऑक्टोबर उजाडेपर्यंत गॅलरी निम्मी निम्मी झाली होती. ती माणसं गेली, खाणही गेली. पण नदीकडच्या बाकांवर अजून कुणी बसत नाही. उत्सवाला गर्दी झाली तर लोक जिन्यात उभे राहतील, पण तिथं बसणार नाहीत.

आता माझं सांगायचं, तर मला उपदेशाचं वेड. तसले गाऊन उपदेश करणारे पाळक आता चार-दोनच उरलेत. सुरुवात साध्या बोलण्यानं करायची. मग हळूहळू शब्द लांबायला लागतात, आवाज एकेक पायरी चढतो, आणि बोलणं कधी संपलं नि गाणं कधी सुरू झालं ते कळतच नाही. अंगावर काटा येतो हो. देव दाराशी येऊन उभा आहे असं वाटतं. साठ वर्षांत मी असा उपदेश एकदाही अर्धवट सोडून उठले नव्हते. पोटात कळा सुरू झाल्या तरी बसून राहिले होते, म्हणून आमची ग्लेनिस चॅपलच्या पायरीवरच व्हायची बाकी राहिली होती. हे ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

पोस्टातून निवृत्त झाल्यावर मी गावचे जुने फोटो जमवायला लागले. ग्रंथालयातल्या वर्गात जाऊन फोटो धुवायलाही शिकले. आणि अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरात चॅपलच्या मागच्या खोलीत, बाजाच्या पेटीमागं, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक मोठी काच सापडली. पूर्वी फोटो काचेवर काढत. काचेची एक बाजू गुळगुळीत, दुसरीवर लेप. काठावर कागदाची पट्टी चिकटवलेली होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, 'सुगीची उपासना, १९२६'.

म्हणजे ऐन टाळेबंदीतली! फोटोवाल्यानं उपदेशाच्या जागेवर उभं राहून समोरची गॅलरी टिपली होती.  लेप इतका जुना की नखानं निघेल. त्याला ओरखडा नको म्हणून मी ती काच जपून, लेपाची बाजू वर करून फोटोच्या कागदावर ठेवली आणि फोटो छापला. देवाशपथ सांगते, जपण्यापोटीच केलं मी ते.

फोटो वाळतो न वाळतो तोच मार्गेडमावशीकडं पळत गेले. मार्गेड प्रॉथरो, वय सत्त्याहत्तर, लग्न केलं नाही, टेकडीवरच्या शेवटच्या घरात एकटी. तिचे वडील इलायस खाणीतल्या अपघातात गेले तेव्हा ती सात वर्षांची होती. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. होता तो फक्त त्यांचा पितळी दिवा. दर शनिवारी ती तो राखेनं घासायची आणि शेगडीवरच्या फळीवर ठेवायची. आणि एक वाक्य होतं तिच्याजवळ, आल्यागेल्याला ती ते ऐकवायचीच, "आमच्या चुलीत राखसुद्धा नव्हती, पण माझा बाप शेवटपर्यंत डोंगराकडं बसला."

"मावशी, चष्मा लाव," मी दारातूनच म्हटलं. "तुझे वडील आणलेत."

तिनं फोटो खिडकीशी नेला. बोट फिरवत फिरवत एका चेहऱ्यावर थांबली. काळ्या कोटातला तरणाबांड माणूस, आणि त्याच्या मांडीवर झालरीची टोपी घातलेली मुलगी.

"अगं बाई, ही टोपी! आईनं पडद्याच्या कापडाची शिवली होती. नेस्ट, ही मी गं! आणि हे... हे बाबा. माझ्यासारखंच नाक बघ." ती हसत होती, रडत होती, फोटोवर पडलेलं पाणी बाहीनं टिपत होती. मीही रडायला लागले.

मग तिचं बोट बाकांवरून फोटोच्या कडेला गेलं. आवाज आला, अगदी बारीक.

"नेस्ट, ही कुठली बाजू गं?"

मी वाकून बघितलं. फोटो पाळकाच्या जागेवरून काढलेला. उजवीकडं डोंगर, डावीकडं नदी. इलायस प्रॉथरो डावीकडं बसले होते.

 म्हटलं, "तेव्हा कदाचित अजून..."

"ऑक्टोबर होता. मला शिकवू नकोस." तिनं फोटो माझ्या हातात दिला. "आईनं मला खोटं सांगितलं. सगळ्या गावानं माझ्या तोंडावर खोटं सांगितलं, पोरकी पोर म्हणून."

"आपण हा लावायलाच नको, मावशी. मी ठेवून देते."

"लाव," ती म्हणाली. "खरं आहे ते भिंतीवर लाव. आणि आता जा तू."

मी तो मागच्या खोलीत लावला. तेव्हापासून जिवाला जो घोर लागला, तो काय सांगू.

दुसऱ्याच दिवशी हेडन रॉसर आला. हेडन म्हणजे आमच्या चॅपलचा कारभारी. किल्ल्या त्याच्याकडं, उपासनेत सूचना वाचून दाखवणंही त्याच्याकडं. भला माणूस. पण त्याचा आजा जोसाया फितुरांतला, नदीकडचा. शाळेत पोरं हेडनच्या दप्तरात मेलेले उंदीर टाकायची. त्याच्या बापाला चॅपलमध्ये कधी वर्गणीची थाळीसुद्धा फिरवू दिली नाही. हेडनला कारभारी केलं तेही दुसरं कुणी उरलं नाही म्हणून. मार्गेडमावशी तर रॉसरांच्या हातचा चहासुद्धा घेत नसे. तो कप पुढं करायचा आणि ती म्हणायची, "तहान नाही." वीस वर्षं तिला तहान नव्हती.

तर तो फोटोसमोर उभा राहिला. जोसायाची झुबकेदार दाढी लपण्यासारखी नव्हतीच. ती उजवीकडं होती.

"नेस्ट," तो म्हणाला, "हा डोंगर ना गं?"

"हो."

त्यानं दाढीवर बोट ठेवलं. "म्हणजे आम्ही फितूर नव्हतोच. बहात्तर वर्षं..."  संध्याकाळी माझ्या दाराशी टोपलीभर कांदे आणि बारा अंडी ठेवून गेला. दुसऱ्या दिवसापासून चालताना त्याचे खांदे सरळ झाले. बायको त्याला म्हणाली म्हणे, "काय हो, कोटात हँगर राहिला का?"

आणि तुम्ही म्हणाल, बाकीच्या गावाला शंका आली नाही? निम्म्या घरांची माणसं परगावी गेलेली. जी उरली होती त्यांनी आपापले म्हातारे शोधले आणि तीही गोंधळली. पण प्रत्येकानं आपल्या आठवणीला दोष दिला, फोटोला कुणीच नाही. खाटीक इद्वालसुद्धा म्हणाला, "आमचा आजा नदीकडं कसा गं? बहिरा होता, ऐकू यावं म्हणून गेला असेल." मग सुरी पुसत म्हणाला, "काय नेस्ट, आता पुढच्या आठवड्यात कुणाच्या थडग्यावर कुदळ मारणार?"

मी हसले, पण वरवरचं.

कारण मार्गेडमावशीनं हाय खाल्ली होती. पहिल्या रविवारी ती आली नाही. दुसऱ्याही रविवारी नाही. मी सूप करून नेलं तर दार उघडेना. आत पावलं वाजत होती, म्हणजे जिवंत होती, एवढंच. पातेलं पायरीवर ठेवून आले. दुसऱ्या दिवशी ते तसंच, वर साय धरलेली. तिला काळजाच्या गोळ्या चालू होत्या. औषधांच्या दुकानात विचारलं तर नवीन नेल्याच नव्हत्या. शुक्रवारी मी मागच्या बाजूनं गेले, कोळशाच्या खोपटात सहज डोकावले, आणि तिथं तो पितळी दिवा पडलेला. उताणा. काजळीत.

रात्री झोप लागेना. डोळे मिटले की तो फोटो दिसायचा. रोज सकाळी मागच्या खोलीत जाऊन मी त्याच्यासमोर उभी राहायचे, चेहरा न् चेहरा बघायचे, वाटायचं काहीतरी चुकलं असू दे, देवा, काहीतरी. तो सुगीचा दिवस असल्यानं प्रत्येक पुरुषाच्या कोटाला आमच्या रिवाजाप्रमाणं ओटची एक लोंबी लावलेली. दोन्ही बाजूंच्या पुरुषांनी, उपाशी पोटी, आभार मानायला लोंबी लावली होती. त्या लोंब्यासुद्धा मला पाठ झाल्या. पण बघूनही दिसत नाही म्हणतात ना, तसं.

एकोणिसाव्या दिवशी सुगीची उपासना आली. सोमवार, दुपारी दोनला. पाहुणे म्हणून पाळक गेथिन येणार होते. जुन्या वळणाचे, गाणारे. एरवी मी आठ दिवस आधीपासून नाचले असते. त्या दिवशी मात्र मान वळवून दाराकडंच बघत होते.

आणि दार उघडलं. मार्गेडमावशी आली. काळी टोपी, काळे हातमोजे. एकोणीस दिवसांत माणूस एवढं वाळतं? माझ्या शेजारची तिची जागा मी रुमाल टाकून धरली होती. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. जिन्याकडं वळली. तिचे गुडघे गेलेले, दहा वर्षांत ती वर चढली नव्हती. एकेक पायरी, कठडा धरून, थांबत. सगळं चॅपल माना वर करून बघत होतं. वर पोचल्यावर ती वळली आणि नदीकडच्या पहिल्या बाकावर, धूळ न झाडता, एकटी बसली.

बापाची जागा ती लेकीची जागा. तिच्या हिशोबात दुसरं काही बसतच नव्हतं.

 माझ्या मागं इद्वालची बायको कुजबुजली, "आता ही तिथनं खाली काही जिवंत उतरत नाही." मला तिला चिमटा काढावासा वाटला, पण खरं सांगू, मलाही तेच भय होतं.

पाळक गेथिन उभे राहिले. पेरणीवर बोलायला लागले, हळू, विहिरीतून पाणी ओढावं तसे. पाऊण तासानं आवाजाला वारा लागला. शब्द लांबले. "आणि ज्याच्या हाती मूठभर दाणे... मूठभरच दाणे..." सूर चढत निघाला. चॅपलच्या काचा घुमायला लागल्या. अशा वेळी मला जग दिसत नाही. त्या दिवशी मात्र सूर कानात येत होता आणि नजर गॅलरीतल्या त्या काळ्या टोपीवर होती. टोपी हलली नाही की माझा जीव टांगणीला.

तेवढ्यात हेडन खिडकी उघडायला उठला. समोर, आमच्याकडं तोंड करून. उत्सवाचा कोट, आणि कोटाला लोंबी. डाव्या बाजूला, काळजावर. आमच्याकडं ती तिथंच लावतात, पुरुषांना बायका टोचून देतात, "काळजावर लाव, खिशावर नको" म्हणून. समोरून बघताना ती माझ्या उजव्या हाताला दिसत होती.

फोटोत ती डाव्या हाताला होती. सगळ्यांची.

एकोणीस दिवस रोज बघितलेल्या त्या लोंब्या एकदम डोळ्यांसमोर आल्या. अख्ख्या गावानं त्या दिवशी लोंबी उजव्या बाजूला लावली होती? शक्य नाही. मग काच! लेप वर ठेवला होता मी. वर! म्हणजे फोटो आरशातल्यासारखा उलटा पडला. उजवं ते डावं, डोंगर ती नदी.

मी उठले. पाळक गेथिन ऐन वरच्या सुरात होते, आणि मी, नेस्ट बेनन, बाकावरच्या सहा गुडघ्यांना धडकत बाहेर पडले. पाळकांचा सूर क्षणभर चुकला, देव मला क्षमा करो.

मागच्या खोलीत कोटांच्या खुंट्यांजवळ हाताएवढा आरसा टांगलेला असतो. फोटो भिंतीवरून काढला, आरशासमोर धरला. लोंब्या काळजावर आल्या. कोटाची बटणं पुरुषांच्या पद्धतीनं लागली. आणि इलायस प्रॉथरो, लेकीला मांडीवर घेऊन, उजवीकडं बसले होते. डोंगराकडं.

मी तोंडावर हात दाबून धरला. आणि लगेच दुसरी भीती आली, पहिलीपेक्षा थंड. जोसायाची दाढी आता नदीकडं होती.

"बरं वाटत नाही का गं?" दारात हेडन उभा. "तू उपदेशातून उठलीस म्हटल्यावर मला वाटलं, हिला झटकाच आला."

माझ्या हातात एकीकडं फोटो, एकीकडं आरसा. लपवायचं तर एकच क्षण होता. एकाच क्षणात काय काय मनात येतं बघा. वाटलं, आज नको, उद्या सांगू. ह्याचे खांदे अजून एक दिवस सरळ राहू देत. पण वर ती बाई बसली होती.

"हेडन," म्हटलं, "माझ्या हातून फार मोठी चूक झाली रे." आणि लोंबीपासून सगळं सांगितलं.

त्यानं आरसा हातात घेतला. बराच वेळ बघितलं. भिंतीपलीकडं सूर घुमत होता, इथं आम्ही दोघं. मला वाटलं आता हा फोटो फाडेल, किंवा म्हणेल, राहू दे असाच, कुणाला कळतंय. तसं म्हणाला असता तर मी काय केलं असतं, मला आजही ठाऊक नाही.

"किती दिवस झाले गं लावून?" त्यानं विचारलं.

"एकोणीस."

"बरे गेले एकोणीस दिवस," तो म्हणाला. मग आपल्या कोटावरच्या लोंबीला हात लावला. "आजी एकदाच बोलली होती. घरात सहा पोरं, पाळण्यातलं आजारी. तेविसाव्या आठवड्यात आजा उठला, बूट घातले आणि गेला. पोर तरी वाचलं नाहीच. त्यानंतर तो घरात कधी गायला नाही, म्हणे. पूर्वी त्याचा आवाज असा होता की..." त्यानं भिंतीकडं, सुराकडं बोट केलं. "असा."

 त्यानं डोळे पुसले, आरसा काखेत मारला. "चल. ती एकटी बसलीय."

आम्ही दोघं जिना चढलो. उपदेश चालूच होता, पण खाली एकसुद्धा डोळा पाळकांकडं नव्हता. हेडन नदीकडच्या पहिल्या बाकापाशी गेला. मार्गेडमावशीनं वर पाहिलं नाही.

"मार्गेड," तो हळूच म्हणाला, "ऊठ. ही आमची जागा आहे."

तिनं मान वर केली. त्यानं फोटो तिच्या मांडीवर ठेवला आणि समोर आरसा धरला. मी कानाशी लागून सांगितलं, काच, लेप, लोंबी. ती ऐकत होती की नाही, कळेना. नुसती आरशात बघत होती. मग काळा हातमोजा काढला आणि उघड्या बोटानं आरशातल्या त्या चेहऱ्याला शिवली. ओठ हलले. काय म्हणाली ते मी ऐकलं नाही, आणि ते माझ्यासाठी नव्हतंच.

"नक्की?" तिनं हेडनला विचारलं. मला नाही, त्याला. "तुला कळतंय ना, मग तुझा आजा..."

"कळतंय."

"मग हे मला दाखवायला तू कशाला आलास?"

"तू माझ्या जागेवर बसलीयेस म्हणून."

तिच्या तोंडून हसू फुटलं की हुंदका, कोण जाणे. ती उठायला गेली आणि गुडघ्यांनी ऐकलं नाही. "आता लगेच नाही उठवत रे," ती म्हणाली. "उपदेश संपू दे." आणि बाकावर जरा सरकली. हेडन तिच्या शेजारी बसला. मी पलीकडं बसले. बहात्तर वर्षांनी नदीकडच्या बाकावर तिघं झाली. खाली पाळक गेथिन शेवटच्या पट्टीत पोचले होते, "मूठभर दाणे, आणि तेही तुझेच, प्रभो..." आणि आमच्या हेडननं, आवाज नाही म्हणून कधी स्तोत्र न म्हणणाऱ्या हेडननं, त्या सुरात खालचा सूर धरला.

नंतर चहाच्या वेळी त्यानं कप पुढं केला.  मावशीनं कप घेतला, घोट घेतला, म्हणाली, "साखर टाकायला विसरलास की कंजूस आहेस?"

नवा फोटो मी त्याच आठवड्यात छापला, लेप कागदाला लावून, नीट. तो अजून तिथं आहे. दिवा पुन्हा फळीवर गेला. मावशीही पुढं चार वर्षं होती.

आता माझं मागणं. इलायस प्रॉथरोंची आठवण ठेवायला गाव आहे. तुम्ही झोपण्यापूर्वी प्रार्थना करता ना? करत नसाल तर नुसतं क्षणभर डोळे मिटा. त्यात एक नाव घ्या, जोसाया रॉसर. नदीकडं बसला, पण लोंबी त्यानंही काळजावरच लावली होती. त्याला विसरू नका.